रेघेपर्यंत तेल

भीमपूरच्या पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला आमचं गाव. तिथून आदिलाबादला निघालं की वाटेत एक चढ लागायचा. तेलुगू बोलणारे त्याला गुट्टा म्हणत, म्हणून मराठी बोलणारेही गुट्टाच म्हणत. रस्ता एका गाडीपुरता होता आणि मध्येच वळण होतं, त्यामुळे खालच्याला वरचं काही दिसत नसे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बस नावापुरती यायची आणि माणसांची ने-आण जीपवाले करायचे. गुट्ट्याचे दोन नियम त्यांनीच ठरवले होते. वर पोचलेल्या जीपनं एकदा हॉर्न वाजवायचा. तो ऐकू आल्याशिवाय खालच्या जीपनं चढाला लागायचं नाही. आणि दुसरा, चढावर पाशिंजर उतरवायचा नाही.

दुसऱ्या नियमाला कारण होतं. पाशिंजर उतरवायचा म्हणजे गाडी चढावर थांबवायची, आणि भरलेली जीप तिथं थांबली की मागे घसरायची. एकदा एक जीप तशीच घसरत येऊन बाभळीत अडकली होती. कुणी दगावलं नाही, पण तेव्हापासून ठरलं की ज्याची गाडी चढत नाही त्यानं कमी माणसं घ्यावीत, नाहीतर गाडी सुधारून आणावी. तीनदा तक्रार आली तर त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा.

नंबर म्हणजे स्टँडवरची पाळी. गावाबाहेर चिंचेखाली जिपा लागत आणि एक म्हातारे चाचा पाळी पुकारत. पूर्वी तेही ड्रायव्हर होते. डोळे गेले तसं स्टेअरिंग सुटलं. नंबर विकत मिळत नसे. कुणी धंदा सोडला, कुणाची गाडी गेली, तरच एक जागा रिकामी होई. माझ्या बाबांना त्या जागेसाठी काही वर्षं थांबावं लागलं. मिळाला तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली जीप होती. माझे आजोबा ज्यांच्या कपाशीत राबले, त्यांची मुलं-सुना बाबांच्या जीपमध्ये समोरच्या सीटसाठी आधी सांगून ठेवत. नंबर मिळाला त्या दिवशी त्यांनी जीप वस्तीतून स्टँडपर्यंत पहिल्या गिअरमध्ये नेली. त्या रस्त्याला पहिल्या गिअरची गरज नव्हती.

ही जीप पूर्वी सरकारी होती. पाटबंधारे खात्यात बाबा तिच्यावरच ड्रायव्हर होते. खात्यानं ती हर्रासात, म्हणजे लिलावात, काढली तेव्हा बाबांनी नोकरी सोडून ती घेतली. इंजिन पेट्रोलचं होतं. पेट्रोलवर पाशिंजर परवडत नाही, म्हणून आदिलाबादच्या एका मिस्त्रीकडून त्यांनी ते काढून डिझेलचं बसवून घेतलं. तेव्हा अनेकांनी तसं केलं होतं. बाहेरून जीप तीच राहिली, आतून बदलली.

पहिली दोन वर्षं ती गुट्टा सहज चढायची. मग ओढ कमी होऊ लागली. एका दिवसात झालं असतं तर काय बिघडलं ते शोधता आलं असतं. पण आज वळणावर गिअर बदलावा लागला, पुढच्या महिन्यात वळणाच्या आधी, असं होत गेलं. मागून धूर निघायचा, काळा आणि दाट. मी तेव्हा आदिलाबादला कॉलेजात जायची आणि बहुतेक मागच्या फळीवर बसायची. चढाला लागलं की त्या धुरात खालचा रस्ता दिसायचा बंद व्हायचा.

पहिली तक्रार उन्हाळ्यात आली. दुसरी पावसाळ्यात, बाजाराच्या दिवशी. गाडी वळणावर थांबली, बाबांनी हँडब्रेक ओढला आणि माणसं उतरवली. एक म्हातारी मावशी कोंबड्यांची डालगी घेऊन बसली होती. तीही उतरली, डालगी डोक्यावर घेतली आणि चढ चालू लागली. वर पोचल्यावर रिकाम्या जीपजवळ उभी राहून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मी गाडीत बसली का गाडी माह्या डोक्यावर बसली, तेच समजून नाई राह्यलं.”

लोक हसले. बाबांनी डालगी वर घेतली आणि तिचं भाडं परत केलं. ती घेईना, पुढच्या खेपेला धरा म्हणाली. तरी ते वाक्य स्टँडवर बाबांच्या आधी पोचलं.

स्टँडवर एक तरुण जीपवाला होता. त्याचे वडील गावातले मोठे कास्तकार. त्याची जीप नवी होती आणि त्याच्या धाकट्या भावानं आणखी एक घेऊन ठेवली होती, पण तिला नंबर नव्हता. ती चिंचेच्या उन्हाकडच्या बाजूला उभी असायची. बाबांशी त्याचं भांडण नव्हतं. गाडी कशी राखायची हे तो बाबांकडूनच शिकला होता. पण आता बाबांची जीप स्टँडवर लागली की तो विचारायचा, “काका, आज गाडी चढते का पाशिंजर चढते?” बाबा उत्तर देत, “आज तुही बोलणी चढते.” सगळे हसत. मग एक दिवस चाचांनी बाबांना बाजूला बोलावलं आणि स्वच्छ सांगितलं की आता एकच तक्रार उरली आहे आणि त्यांना गय करता येणार नाही. “कायदा मेरे बाप का नहीं, मियाँ,” ते म्हणाले. “गुट्टे का है.”

मिस्त्रीनं तोपर्यंत करण्यासारखं बरंच केलं होतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त पडतंय, असा त्याचा हिशोब. त्यानं नोझल काढून तपासले आणि बदलले. पंप काढून दुरुस्तीला पाठवला. पंप परत आला, बसवला, धूर तसाच. मग बाबांनी त्याला दुसरी बाजू सांगितली: डिझेल जास्त नसेल तर हवा कमी असेल. मिस्त्रीला ते पटलं. दोघांनी हवा गाळणारी टाकी, एअर क्लीनर, पूर्ण उतरवली आणि तशीच उघडी जीप गुट्ट्यावर नेली. फरक पडला नाही. तेव्हा हवेचा प्रश्न निकालात निघाला असं दोघांनीही मानलं. मिस्त्री म्हणाला की आता हेड खोलल्याशिवाय कळणार नाही.

हेड म्हणजे इंजिनचं डोकं, वरचं झाकण. ते खोललं की काम कितीही दिवस लांबू शकतं. आणि स्टँडचा आणखी एक रिवाज होता: कामाच्या दिवसांत गाडी लागोपाठ गैरहजर राहिली तर पाळी शेवटी जाते आणि मागचे पुढे सरकतात. एक तक्रार शिल्लक असताना बाबांना तेही नको होतं. म्हणून ते कमी माणसं घेऊन चालवत राहिले. कमी माणसांची जीप चढायची. पण बाजाराच्या दिवशी कमी माणसं घेणारा जीपवाला म्हणजे काय हे सगळ्यांना समजत होतं.

पोळा आला तेव्हा परिस्थिती अशी होती.

पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे जिपा चालत नसत. बैलाला विश्रांती तर चाकालाही, असं म्हणत. स्टँडवर त्या दिवसांची गैरहजेरी धरत नसत. आदल्या दिवशी खांदशेकणी. कास्तकार बैल धुऊन त्यांचे खांदे हळद-तुपानं शेकत आणि जीपवाले दुपारनंतर गाड्या धुऊन घेत. आमच्या घरी बैल कधीच नव्हता. त्यामुळे खांदशेकणीला जे काही शेकायचं, धुवायचं ते जीपचं.

आई बालवाडीत मदतनीस होती. त्या दिवशी ती लवकर आली. बाबा चाकं धूत होते. त्यांनी एअर क्लीनर उतरवून तिच्यापुढे ठेवला. ही लोखंडी टाकी असते. तळाला एक वाडगं, त्यात तेल. बाहेरची हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलात बसते आणि स्वच्छ हवा एका रबरी पाइपातून इंजिनात जाते. आमच्या रस्त्याची धूळ काळ्या मातीची, पिठासारखी. म्हणून बाबा वाडगं काठोकाठ भरत. तेही इंजिनमधून उतरवलेल्या जुन्या तेलानं, कारण धूळ धरायला नवं तेल वाया का घालवायचं. सरकारी जीपला ते वर्षानुवर्षं असंच करत आले होते आणि ती कधी कुरकुरली नव्हती. जास्त तेल जास्त धूळ धरतं, हे त्यांनी स्टँडवरच्या बाकीच्यांनाही शिकवलं होतं. तरुण जीपवाल्यालाही.

आईनं वाडगं रिकामं केलं आणि चुलीतल्या राखेनं घासायला घेतलं. मग रबरी पाइप घेतला. त्यात हात घालून बाहेर काढला तर कोपरापर्यंत काळा.

“याच्यातून काय जाते?” तिनं विचारलं.

“हवा,” बाबा म्हणाले.

“निरी हवा?”

“निरी हवा.”

“मंग हे तेल इथं काऊन आलं?”

बाबा चाक सोडून आले. त्यांनी पाइप उन्हाकडे धरून आत पाहिलं. मग वाडगं उचललं. राखेनं घासलेल्या आतल्या बाजूला, काठाच्या बरीच खाली, पत्र्यात ठोकलेली एक आडवी रेघ होती. रेघेला बाण होता. इतकी वर्षं ती तेलाखाली होती, त्यामुळे कुणी पाहिली नव्हती.

त्यांनी पुढचं काम तिथंच केलं. जिथून हवा इंजिनमध्ये शिरते ती नळ्यांची जोडणी त्यांनी पान्यानं सोडवली आणि आईचा हातआरसा मागवला. आरशानं ऊन आत टाकलं. हवा जायची भोकं दोन-तीन बोटं सहज जातील एवढी असायला हवी होती. आत काळा, खरखरीत, चकाकणारा थर होता आणि त्याच्या मधोमध बोट जाईल एवढी फट. बाबांनी बोट घातलं. मग मला घालायला लावलं. आई म्हणाली, “तव्याच्या बुडासारखं झालं हे.”

एअर क्लीनर उतरवूनही गाडी का चढली नव्हती, ते आता उघड होतं. दार उघडलं होतं, पण आतली वाटच बुजली होती.

बाबा त्याच दुपारी मिळेल त्या वाहनानं आदिलाबादला गेले. पोळ्याच्याच दिवशी तेलुगू लोकांची पोलाल अमावास्या, म्हणून मिस्त्रीचंही गॅरेज दुसऱ्या दिवशी बंदच होतं. पोळ्याच्या सकाळी तो नवं गॅस्केट, पान्यांची पेटी आणि घरच्या गारेल्या, उडदाचे वडे, घेऊन आमच्या अंगणात उतरला. बाबांनी त्याला पाइप दाखवला, वाडग्यातली रेघ दाखवली. तो खाली बसला, भोकात बोट घातलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. मग म्हणाला, “मैं नोझल बदला, पंप बदला, तुम्हारा दिमाग बदलने का ही बाकी था.” आणि आईकडे वळून, “अक्का, पहले पाइप धोना था ना.”

आई म्हणाली की पाइप धुवायला कुणी सांगितलंच नव्हतं.

रेडिएटरचं पाणी सोडलं, नळ्या काढल्या, बोल्ट एकेक सैल केले आणि दोघांनी मिळून हेड उचललं. जुन्या गोणपाटावर उलटं ठेवलं. प्रत्येक सिलेंडरला दोन व्हॉल्व्ह असतात, एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर टाकणारा. सगळ्यांची अपेक्षा होती की काळा असेल तो धुराचा. तो जवळजवळ स्वच्छ निघाला, भाजलेल्या विटेच्या रंगाचा. हवेचा व्हॉल्व्ह मात्र ओळखू येत नव्हता. त्याची दांडी आणि खालचं फुलासारखं पातं यांच्यामध्ये जी बारीक मान असते ती कार्बननं भरून गेली होती. करपलेल्या भाकरीवर करपलेली भाकरी चढवत जावी तसे थर होते. मिस्त्रीनं पान्यानं टिचकी मारली तर खपली उडाली आणि खाली ओला, डांबरासारखा थर दिसला.

असं का झालं, याची संगती बाबांनी जेवायच्या आधी लावली. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल हवेबरोबर याच वाटेनं आत जायचं. जास्तीचं तेल आलं तरी पेट्रोल त्याला धुऊन नेई. वाट आपोआप साफ राही. डिझेलच्या इंजिनात तसं नाही. डिझेल नोझलमधून सरळ सिलेंडरमध्ये फवारलं जातं. या वाटेनं येते ती फक्त हवा, आणि वाडगं काठोकाठ भरलेलं असलं तर हवेबरोबर तेलाचे थेंब. तापलेल्या व्हॉल्व्हवर ते थेंब भाजत राहतात आणि त्यांना धुवायला कुणी येत नाही. इंजिन बदललं होतं. हाताची सवय पेट्रोलचीच राहिली होती. मिस्त्रीचं अर्धं आयुष्य पेट्रोलच्या जिपांत गेलेलं, त्यामुळे त्याचंही लक्ष तिकडे गेलं नव्हतं. बाबांनी हे सांगितलं तेव्हा तो मान हलवत राहिला. मग म्हणाला की निदान रोग तरी इज्जतीचा निघाला, त्याला वाटलं होतं इंजिन बसलं.

दिवसभर खरवडण्याचं काम चाललं. व्हॉल्व्ह घासलेटात भिजत घातले. व्हॉल्व्हची मान मिस्त्री स्वतः साफ करत होता, तुटक्या करवतीच्या पात्यानं, कारण तिला चरा जाऊन चालत नाही. हेडमधल्या वाटा आमच्याकडे आल्या. लोखंडानं खरवडलं तर हेडला जखम होईल, म्हणून आईनं मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या आणल्या. कपाशीची वाळलेली काडी टोकाला ठेचली की तिचा ब्रश होतो, आणि ती कोळशापेक्षा कठीण पण लोखंडापेक्षा मऊ असते. सरपणाचा भारा संध्याकाळपर्यंत निम्मा झाला. घासलेट काळं व्हायचं, ओतायचं, नवं घ्यायचं. पोळ्याच्या पुरणाचा आणि घासलेटाचा वास एकाच अंगणात होता.

तिसऱ्या प्रहरी पोळा फुटला आणि बैल घरोघर निघाले. आमच्या वस्तीतही येत. आई पूजा करत नसे, पण बैलाला पोळी भरवायची आणि बैल आणणाऱ्या सालदाराला बोजारा, पोळ्याची खुशाली, द्यायची. त्या वर्षी तिच्या हाताचं काळं निघेना, म्हणून पोळी मी भरवली. तरुण जीपवाल्याच्या घरची जोडी आली, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग. तो स्वतःच बरोबर होता. त्यानं अंगणात पसरलेलं इंजिन पाहिलं.

“काका, तुमचा बैल तं पोट फाडून पडला.”

बाबांनी मान वर केली नाही. “बैल जेवून राह्यला,” ते म्हणाले. “उद्या परवा पाह्य.”

“परवा बाजार हाये. भरती राहीन.”

“राहू दे.”

तो बैल घेऊन पुढं गेला. त्याचा सालदार मात्र थांबला. तो आमच्या आजोबांच्या वेळचा. त्यानं बैल दुसऱ्याच्या हातात दिला, एक पऱ्हाटी ठेचली आणि दिवे लागेपर्यंत वाटा घासत बसला.

करीच्या दिवशी व्हॉल्व्ह बसवले. आधी प्रत्येकाला खरखरीत पेस्ट लावून त्याच्या जागेवर घोळवायचा असतो, म्हणजे तो घट्ट बसतो. काडीला रबरी वाटी लावायची, ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळहातांमध्ये फिरवायची. आईनं थोडा वेळ पाहिलं आणि काडी मागून घेतली. ताक घुसळण्यापेक्षा वेगळं काही नाही, असं तिचं मत पडलं. मिस्त्रीनं तिनं केलेला व्हॉल्व्ह जागेवर बसवून त्याच्यावरच्या वाटेत घासलेट ओतलं. थेंब गळला नाही. पुढचे त्यानं तिलाच दिले आणि स्वतः विडी पेटवली.

गॅस्केट ठेवलं, हेड ठेवलं, बोल्ट मधून बाहेर असे क्रमानं आवळले. एअर क्लीनरच्या वाडग्यात बाबांनी नवं तेल ओतलं. रेघ आली तसे थांबले. वाडगं निम्मंही भरलं नव्हतं. डबा मात्र त्यांनी अजून वाडग्यावर तिरपा धरलेलाच होता. आई म्हणाली, “ठेवा आता खाली.” त्यांनी डबा खाली ठेवला.

इंजिन चालू झालं तेव्हा आधी पांढरा धूर आला, मग नुसता आवाज. मिस्त्रीनं कान देऊन ऐकलं आणि जेवायला बसला. गुट्ट्यावर नेऊन बघू, असं मी सुचवलं. बाबांनी नको म्हटलं. रिकामी जीप आधीही चढतच होती. तिनं काही सिद्ध होणार नव्हतं.

बाजाराच्या सकाळी जीप स्टँडवर लागली. तरुण जीपवाल्याच्या भावानं आपली गाडी उन्हातून काढून चिंचेच्या सावलीला, नंबरच्या ओळीच्या अगदी शेवटी आणून ठेवली होती. कुणी त्याला हटवलं नाही. मुगाचा हंगाम होता, टपावर पोती चढली. आत समोर, मागे, फळीवर, जिथं माणूस मावतो तिथं माणूस बसला. बाबांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. ती कोंबड्यांची मावशीही आली, या वेळी डालगीत पिल्लं होती. पाळी पुकारून झाल्यावर चाचा स्वतःच उठले, काठी टेकत समोरच्या सीटजवळ आले आणि तिथं बसलेल्याला मागे सरकायला सांगितलं. आज मीही बाजाराला जातो, एवढंच म्हणाले. ते बाजाराला कशाला चालले हे सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या मागून तरुण जीपवाल्याची पाळी होती. तो आमच्या पाठोपाठ गुट्ट्याच्या पायथ्याशी आला आणि नियमाप्रमाणे थांबला.

आदल्या आठवड्याच्या पावसानं चढाचा मुरूम धुपून दगड वर आले होते. बाबांनी पायथ्याशी वेग कमी केला, गिअर बदलायला. इतक्या दिवसांच्या सवयीनं मावशी उठली, डालगी उचलली आणि एक पाय खाली टाकला. तिच्यामागे आणखी दोघं उठले.

“बसून राहा, मावशी,” बाबा आरशात न बघता म्हणाले.

“चढते का?”

“बसून राहा.”

मावशीनं पाय आत घेतला. “पैसे देलेच हायेत,” ती शेजारणीला म्हणाली, “तं बसतो.”

बाबांनी दुसरा गिअर टाकला. जीप चढाला लागली. मी मागच्या फळीवर होते, तोंड खालच्या रस्त्याकडे. आधी मला वाटलं की चढ अजून सुरू झालेला नाही, कारण खालचा रस्ता दिसत होता. मुरूम दिसत होता, त्यावरचे आमच्या चाकांचे ठसे, पायथ्याशी उभी असलेली तरुण जीपवाल्याची जीप आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून वर पाहणारा तो. मध्ये धूर नव्हता. काळा भपका उठला असेल तो एखादाच, दगडावर चाक चढलं तेव्हा.

टपावरची पोती सरकून कुरकुरली. वळण आलं. इथंच दर वेळी बाबांचा हात पहिल्या गिअरकडे जायचा, इंजिन गुदमरायचं आणि मग हँडब्रेक. चाचांनी डॅशबोर्ड धरला. बाबांचा हात गिअरवर गेला, तिथं थांबला, आणि परत स्टेअरिंगवर आला. गिअर बदलायची गरज नव्हती. इंजिनचा आवाज खाली गेला, पण तुटला नाही. भरलेल्या छातीनं माणूस ओझं उचलतो तसा जड, सलग आवाज. वळण मागे पडलं. दगड संपले. समोरच्या काचेत आभाळ आलं आणि मग आदिलाबादकडचा सपाट रस्ता.

एकही माणूस उतरला नव्हता.

नियमाप्रमाणे वर पोचल्यावर हॉर्न एकदा वाजवायचा. बाबांनी वाजवला आणि हात काढलाच नाही. तो आवाज गुट्ट्याच्या दोन्ही बाजूंना गेला, शेतांतून, पैनगंगेकडे. कोंबडीची पिल्लं डालगीत ओरडायला लागली. मागे कुणीतरी हसायला लागलं, मग सगळेच. चाचांनी बाबांच्या मनगटावर हात ठेवला.

“बस करो, मियाँ,” ते म्हणाले. “नीचेवाले ने सुन लिया.”

मग त्यांनी खिडकीतून पान थुंकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की नंबर आहे तसाच आहे, आणि मागच्या दोन तक्रारी गुट्ट्यानंच आज मिटवल्या. चाचांचा निकाल असाच असे. त्याच्यावर कुणी बोलत नसे. मावशीनं आधीच्या खेपेचं न घेतलेलं भाडं वळतं केलं नाही. आदिलाबादला उतरताना तिनं पुन्हा पैसे दिले आणि म्हणाली, “आज गाडी माह्या डोक्यावर नाई बसली.”

हॉर्न गावात ऐकू गेला होता. आई बालवाडीच्या दारात उभी होती. एवढा लांब हॉर्न गुट्ट्यावर कुणी वाजवत नाही, हे तिला माहीत होतं. ती आत गेली आणि मुलांना खाऊ वाटायला घेतला. वेळ झालेली नव्हती. हे तिनं नंतर सांगितलं नाही. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं.

चिंचेखालच्या बातम्या लवकर पसरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी जीपवाले आपापली वाडगी काढून रेघ शोधत बसले होते. बहुतेकांना राख लागली. काहींच्या वाडग्यांत रेघेवर इतकी माती बसली होती की त्यांनी शपथेवर सांगितलं, आमच्या गाडीला रेघच नाही. चाचांनी त्यांना परत घासायला लावलं. बाबा प्रत्येकाजवळ जाऊन उभे राहिले आणि जे त्यांनीच शिकवलं होतं ते त्यांनीच मोडून काढलं: काठापर्यंत नाही, रेघेपर्यंत. त्यांना त्यात कमीपणा वाटलेला दिसला नाही. उलट एखाद्याचं तेल रेघेच्या वर दिसलं की ते पोरासारखे खूश होत आणि स्वतः काढून टाकत.

तरुण जीपवाला स्टँडवर आला नाही. संध्याकाळी, ऊन असतानाच, तो आमच्या अंगणात आला. बाबा घरी नव्हते. त्याच्या हातात रबरी पाइप होता, त्याच्या नव्या जीपचा, आणि त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. आई भाजी निवडत होती.

“काकू,” तो म्हणाला, “हे कायनं धुतलं होतं तुमी?”

आईनं पाइप घेतला. उन्हाकडे धरून आत पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “गाडी चढते का पाशिंजर चढते?”

त्यानं मान खाली घातली आणि हसला. आई उठली, चुलीतली राख ताटलीत घेऊन आली आणि ती त्याच्यापुढे ठेवली.

“बस,” ती म्हणाली. “आधी वाडगं घास. रेघ दिसेस्तोवर उठू नको.”